बंद झालेल्या टोटलायझरच्या जागी नवा: चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपचा अनुभव

द्रव नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा आर्गॉन मोजून विकणाऱ्या ज्या कुणाला मीटरवाल्या कंपनीकडून ‘हे मॉडेल आता बनत नाही, सुटे भागही मिळणार नाहीत’ असं उत्तर आलं असेल, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्या दोन्ही गाड्यांवरचे टोटलायझर, म्हणजे मीटरमधून किती लिटर गेले ते मोजून दाखवणारे डबे, असेच बंद मॉडेलचे निघाले. छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटचं काम करणारं एक लहान वर्कशॉप आहे, तिथून ते बदलून घेतले. काम मनासारखं झालं. पाचपैकी साडेचार देईन, आणि तो अर्धा का कापला तेही पुढे येईलच. वर्कशॉपचं नाव इथे छापत नाही, मालकांची तशी इच्छा आहे. हातावर मोजण्याइतकी माणसं आणि कामं आधीच ओसंडून चाललेली.

आमचा डेपो लातूर एमआयडीसीत. द्रव नायट्रोजनच्या मोठ्या टाकीतून लहान गाड्यांवरच्या टाक्या भरायच्या आणि उदगीर, देवणी, अहमदपूर, निलंगा, जळकोट, पलीकडे कंधार-मुखेडपर्यंत पशुवैद्यकीय दवाखान्यांचे आणि खाजगी कृत्रिम रेतन करणाऱ्यांचे कंटेनर जागेवर जाऊन भरून द्यायचे, हा धंदा. सासऱ्यांनी सुरू केला. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून या घरात आले, त्यामुळे गेज, व्हॉल्व्ह, मीटर हे खातं पहिल्यापासून माझ्याकडे.

बाहेरच्याला वाटेल, लिटर-दोन लिटर इकडे-तिकडे झाले तर काय बिघडलं. बिघडतं. देवणी आणि लाल कंधारी ही आपल्या भागाची जनावरं. त्यांच्या गोठीत रेतमात्रा उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवलेल्या असतात. कंटेनर वेळेआधी कोरडा पडला की आतली प्रत्येक कांडी वाया जाते, आणि बाहेरून बघून ते कळतही नाही. तीन आठवड्यांनी गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की शेतकरी डॉक्टरला बोल लावतो. म्हणून दवाखान्यातले पर्यवेक्षक भरलेला कंटेनर कधीच नुसत्या मीटरवर विश्वासून घेत नाहीत. मोजपट्टी आत बुडवतात, बाहेर काढून हवेत हलवतात, पट्टीवर पांढरं दव जिथपर्यंत गोठतं तिथपर्यंत माल. पट्टीचं आणि मीटरचं पटलं नाही की वाद होतो, आणि आमच्याकडे तो वारंवार व्हायला लागला होता. देवणीकडच्या एका पर्यवेक्षकांचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं: “ताई, मीटर पन्नास म्हणायलंय, पट्टी चाळीसच दाखवायलीय. आम्ही साहेबाला काय सांगावं?”

त्यातच जुन्या टोटलायझरच्या आकड्यांचे तुकडे उडायला लागले. ८ चा ६ दिसायचा, ९ चा ५. उन्हात तर पडदा काळाच पडायचा. कंपनीला लिहिलं तेव्हा कळलं की आतली चिप आणि तो डिस्प्ले दोन्ही बाजारातून गेलेत, म्हणून मॉडेलच बंद केलंय. यात त्यांचा दोष काढत नाही. इलेक्ट्रॉनिक्सचं आयुष्य लोखंडापेक्षा कमीच असतं. पाइपात बसलेलं टर्बाइन मात्र ठणठणीत होतं. पाती जागच्या जागी, बेअरिंग मोकळं, कॉइल शाबूत.

इथेच बहुतेकांची फसगत होते, म्हणून जरा सविस्तर सांगते. टर्बाइन मीटर म्हणजे पाइपात बसवलेलं पात्यांचं लहान चाक. द्रव वाहिला की ते फिरतं. प्रत्येक पातं बाहेरच्या चुंबकी कॉइलखालून जाताना कॉइलमध्ये विजेची एक बारीक लाट उठते, तिला पल्स म्हणतात. एका लिटरला किती पल्स पडतात तो त्या मीटरचा के-फॅक्टर. टोटलायझर फक्त पल्स मोजतो, के-फॅक्टरने भागतो आणि लिटर दाखवतो. मग त्याच्या जागी कुठलाही काउंटर बसवला तर काय हरकत? असंच म्हणून एका दुकानदाराने मला पॅनेलवर बसणारा स्वस्तातला काउंटर दाखवला होता. “फॅक्टर टाका आणि चालू करा.” पण त्या काउंटरला ५ ते २४ व्होल्टची ठसठशीत पल्स लागते आणि चुंबकी कॉइल देते काही मिलिव्होल्ट. धार कमी असली की वीसच्या आसपासच. काउंटरला ती दिसणारच नाही. धार जोरात असताना मोजेल, मंद झाली की गप्प बसेल. शिवाय काही जुन्या मीटरांवर चुंबकी कॉइलऐवजी आरएफ प्रकारचा पिकअप (पात्यांची चाल टिपणारा भाग) असतो, त्याला जोडायची पद्धतच वेगळी. आपल्या मीटरवर कोणता आहे हे न विचारता जो डबा विकायला निघतो, त्याच्याकडून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी वाट म्हणजे टर्बाइनसकट सगळा संचच नवा मागवायचा. त्याचं कोटेशन आलं ते आम्हाला झेपणारं नव्हतं, आणि चांगलं टर्बाइन काढून टाकणं पटतही नव्हतं. तेव्हा जालन्याच्या आतेभावाने या वर्कशॉपचा पत्ता दिला. तो तिथल्या स्टीलवाल्यांना द्रव ऑक्सिजन पुरवतो, त्याचं काम यांनीच केलेलं.

पहिल्या भेटीतच मन भरलं. मालक साठीच्या जवळ आलेले, आयुष्य साखर कारखान्यांच्या आणि औषध कंपन्यांच्या इन्स्ट्रुमेंटमध्ये गेलेलं. मी दर विचारला, तर म्हणाले, “डबा तर मी उद्या देतो, ताई. पण तुमचा जुना मीटर एक लिटर कशाला म्हणत होता, ते आधी बघू द्या.” जुना टोटलायझर त्यांनी टेबलावर उघडला. आतल्या बारीक स्विचांची जुळणी कागदावर उतरवली, फोटो काढले, सिग्नल जनरेटर लावून ठरावीक पल्स दिल्या आणि पडद्यावर काय येतं ते लिहून घेतलं. टर्बाइनच्या पट्टीवरचा के-फॅक्टर, त्याचं जुनं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, डेपोतली टाकी किती दाबावर असते, नळी किती लांब आहे, सगळं विचारलं. त्या दिवशी त्यांनी मला काहीच विकलं नाही.

के-फॅक्टरमध्ये गॅलन लपलेला निघाला. टर्बाइन अमेरिकन बनावटीचं, पट्टीवरचा आकडा एका अमेरिकन गॅलनचा. हिशेबाला सोपं म्हणून ९०० धरा. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, म्हणजे लिटरला २३७.८ पल्स. पण आपल्याकडे जुन्या लोकांच्या डोक्यात गॅलन म्हटलं की इंग्लंडचा, ४.५४६ लिटरचा. त्याने भागलं तर १९८ येतात, आणि मीटर प्रत्येक डिलिव्हरीला २० टक्के जास्त दाखवत बसतो. दोन्ही आकडे बघायला सारखेच पटण्यासारखे वाटतात. याच धरलेल्या आकड्याने सांगायचं तर, वर्कशॉपने २३,७८० पल्स मोजून दिल्या आणि नव्या पडद्यावर बरोबर १०० लिटर उमटल्यावरच पुढे गेले.

त्याच्यावर थंडीची दुरुस्ती. हे मीटर पाण्यावर कॅलिब्रेट केलेले असतात, साध्या खोलीच्या तापमानाला. उणे १९६ अंशांना स्टेनलेस स्टील लांबीत ०.३ टक्क्याच्या आसपास आकसतं, म्हणजे पोकळीचं आकारमान साधारण ०.९ टक्क्याने कमी. वाट अरुंद झाली की तेवढ्याच द्रवाला चाक जास्त फिरतं आणि लिटर जास्त दिसतात. फायदा विकणाऱ्याचा होतो, म्हणून कुणी तक्रार करत नाही. त्यांनी विचारलंदेखील नाही, सरळ के-फॅक्टर तेवढा वाढवला आणि हिशेबाचा कागद माझ्या हातात दिला. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. शंभर लिटरला एक लिटरच्या आतबाहेरची रक्कम, पण दर फेरीला, दर कंटेनरला, वर्षानुवर्षं.

आता त्या पन्नास आणि चाळीसच्या भांडणाकडे येते, कारण माझ्या दृष्टीने या सगळ्या कामाचं मोल तिथे आहे.

जुना टोटलायझर शुद्ध लिटर मोजणारा होता, तापमानाशी त्याला देणंघेणं नव्हतं. नव्यात टर्बाइनशेजारी पीटी-१०० जातीचा तापमानाचा सेन्सर जोडायची सोय आहे. त्यावरून तो द्रवाची घनता काढतो आणि लिटरसोबत किलोही दाखवतो. द्रव नायट्रोजन वातावरणाच्या दाबाला उणे १९६ अंशांना उकळतो, तेव्हा त्याचा एक लिटर साधारण ८०७ ग्रॅम भरतो. पण टाकी उन्हात उभी राहून आतला दाब अडीच बारच्या वर गेला आणि द्रवही तितकाच तापला, उणे १८३ पर्यंत आला, तर तोच लिटर ७४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. हा पहिला फरक. दुसरा फरक जास्त मोठा आहे. हा तापलेला द्रव दवाखान्याच्या उघड्या तोंडाच्या कंटेनरात पडला की दाब एकदम उतरतो, आणि पुन्हा उणे १९६ वर यायला तो स्वतःतलाच साधारण १३ टक्के भाग वाफ करून टाकतो. ७४५ ग्रॅममधून उरले ६५० च्या आतबाहेर. म्हणजे कंटेनरात थांबलेला नायट्रोजन जेमतेम ८०० मिलिलिटर. मीटरवर एक लिटर. पन्नासाचे चाळीस!

मालकांनी हे पाटीवर खडूने मांडलं, तेव्हा तो पर्यवेक्षक आणि आमचा मीटर दोघंही खरं बोलत होते हे माझ्या लक्षात आलं. मीटरमधून पन्नास लिटर गेले होते आणि कंटेनरात चाळीसच पोचले होते. मधला माल धुक्यासारखा आमच्या डोळ्यांसमोर उडून जात होता आणि आम्ही त्याला नायट्रोजनचा स्वभाव समजत होतो.

दाबाच्या गेजकडे बघून हे कळत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. टाकीतला दाब उतरवून द्रव गार करून घेतला आणि मग ढकलण्यापुरता दाब प्रेशर बिल्डिंग कॉइलने (थोडा द्रव वाफ करून दाब वाढवणाऱ्या नळीने) पुन्हा चढवला, तर गेज दीड बार दाखवेल पण द्रव गारच राहील. काही तास तरी. उलट रात्रभर तशीच उभी ठेवलेली टाकी तेवढ्याच गेजवर तापलेली असू शकते. म्हणून सेन्सर हवा, आणि तो द्रवात हवा, पाइपाच्या बाहेरून बांधलेला नको. आमच्या मीटर रनमध्ये, म्हणजे मीटर बसवलेल्या सरळ पाइपात, सेन्सरचं बूच आधीपासून होतं, जुन्या टोटलायझरला ते वापरताच येत नसल्याने बंद पडलेलं. वर्कशॉपने गाडीवर नेण्याआधी सेन्सरच्या जागी २० ओहमचा रेझिस्टन्स जोडून पडद्यावर उणे १९६ च्या जवळ आकडा येतो का ते पाहिलं. पीटी-१०० चा रेझिस्टन्स या थंडीत तेवढाच उरतो.

आता ड्रायव्हर निघण्याआधी टाकीचा दाब उतरवून द्रव गार करून घेतो. ती वाफ डेपोत उडते, आमच्या खात्यात. पूर्वी ती दवाखान्याच्या अंगणात, त्यांच्या खात्यात उडत होती. आणि बिलावर लिटरच्या शेजारी किलो छापतो. पर्यवेक्षकांना किलोचं कौतुक वाटत नाही, त्यांना पट्टीच बरी वाटते, पण आता पट्टी आणि बिल जवळजवळ बसतात.

गाडीवर बसवतानाच्या कामाबद्दल थोडक्यात. जुना टोटलायझर इंची मापाचा, नव्याला ९२ बाय ९२ मिलिमीटरचं भोक लागतं. पॅनेल कापण्याऐवजी त्यांनी स्टेनलेसची दोन मिलिमीटरची प्लेट लेझरवर कापून मधे बसवली, रबरी गास्केटसकट. काळ्या रानातली धूळ आत जाणार नाही अशी. कॉइलची केबल बदलली, शील्ड (केबलवरचं धातूचं वेष्टन) फक्त टोटलायझरच्या टोकाला अर्थ केली. दोन्ही टोकांना केली तर गाडीच्या अल्टरनेटरचा गोंगाट पल्स म्हणून मोजला जातो. मग गाडी चालू करून, डिलिव्हरी बंद ठेवून, आकडा हलतो का ते बघत बसले. हलला नाही. इंजिनाचा सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज खाली जातो, जुना टोटलायझर त्यात कधी कधी शून्यावर यायचा. नव्यावर त्यांनी मुद्दाम मोजणी चालू असताना सेल्फ मारून दाखवला. पडदा क्षणभर मिटला, परत आला तेव्हा आकडा होता तिथेच.

पडदा उन्हात वाचता येणारा एलसीडी घ्यायला त्यांनीच सांगितलं. लाल अंकांचा एलईडी खोलीत छान दिसतो, लातूरच्या एप्रिलच्या दुपारी काहीच दिसत नाही. हा एलसीडी ७० अंशांपर्यंत चालणारा आहे. सावलीत ४२ अंश असताना उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत किती होत असेल याचा अंदाज करा. तरी वर पत्र्याची झापड लावून घेतली.

दोन सेटिंग अशी आहेत जी कुणीही नवा टोटलायझर घेताना विचारून घ्यावीत. एक म्हणजे कमी धारेची मर्यादा. व्हॉल्व्ह बंद केल्यावर पाइपात अडकलेला द्रव उकळतो, वाफ पुढे-मागे ढकलली जाते, चाक थरथरतं आणि आकडा आपोआप वाढत राहतो. ठरावीक वेगाखालची पल्स मोजायचीच नाही, असं बांधून ठेवावं लागतं. दुसरं म्हणजे सेन्सर पुरेसा थंड झाल्याशिवाय मोजणी सुरू होऊ न देणं. मीटर गार होईपर्यंत त्यातून वाफ जाते, वाफेवर चाक भन्नाट फिरतं आणि हवा विकल्यासारखे लिटर चढतात. आम्ही उणे १७५ ला बांधलंय. मात्र याने फक्त मीटर गार होईपर्यंतचं टळतं. मीटरच्या पुढची नळी गार करायला जाणारा माल तरीही मोजला जातो. त्यामुळे ड्रायव्हरला सांगून ठेवलंय की नळीवर बर्फ धरून धार घट्ट आली की मगच रीसेट दाबायचं, गिऱ्हाइकासमोर. पर्यवेक्षकांना शून्य दिसलं पाहिजे.

शेवटची तपासणी आमच्या डेपोत झाली. कंटेनर आदल्या रात्रीपासून गार ठेवलेला, टाकीतला द्रव गार केलेला, कंटेनर प्लॅटफॉर्म काट्यावर. मंद धार, मध्यम धार, जोराची धार, प्रत्येक वेळी मीटरचे किलो आणि काट्याचे किलो शेजारी शेजारी लिहिले. उडालेली वाफ काट्यावर येत नाही, त्यामुळे काटा थोडा कमी दाखवणारच. तरी फरक टक्क्याच्या आसपास राहिला. मंद धारेला किंचित जास्त. तिथे त्यांनी सरासरी के-फॅक्टर न ठेवता सर्टिफिकेटवरच्या वेगवेगळ्या धारांचे वेगवेगळे आकडे तक्त्यात भरले आणि पुन्हा मोजलं. आंतरराष्ट्रीय वैध मापन संघटनेची क्रायोजेनिक द्रवांच्या मीटरसाठी आर ८१ म्हणून शिफारस आहे, तिची १९९८ची प्रत मालकांच्या कपाटात खुणा करून ठेवलेली पाहिली. अशी माणसं आपल्या भागात आहेत याचा मला अभिमान वाटला.

सरकारी बाजूही त्यांनी टाळली नाही. मोजून विकायच्या मीटरचा दाखवणारा भागच बदलला की जुना शिक्का संपला. वैध मापन अधिनियम २००९ प्रमाणे दुरुस्ती परवानाधारकाकडूनच व्हावी लागते आणि त्यानंतर पडताळणी व मुद्रांकन पुन्हा. सेटिंगच्या मेनूला कुलूप आणि कव्हरला सील लावायची जागा त्यांनी आधीच ठेवली होती. बदलण्याआधीचा जुन्या टोटलायझरचा एकूण आकडा सर्टिफिकेटवर लिहून, खाली सही करून दिला, म्हणजे नवा शून्यापासून सुरू झाला तरी हिशेबाची साखळी तुटत नाही.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी: बटणं. नव्या टोटलायझरची बटणं लहान, सपाट, एकमेकांना चिकटलेली. आमची माणसं क्रायोजेनिक हातमोजे घालून काम करतात, जाड आणि सैल. त्या हातांनी रीसेट दाबायला गेलं की शेजारचं बटण दाबलं जातं. मग माणूस हातमोजा काढतो. उणे १९६ च्या नळीशेजारी उघडा हात, ही गोष्ट मला अजिबात मान्य नाही. वर्कशॉपला सांगितल्यावर त्यांनी बाहेरच्या बाजूला रीसेटसाठी मोठं, फुगीर बटण लावून दिलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. पण हे माझ्या सांगण्यावरून झालं. गाडीवरचं काम घेताना माणसाचा हात कसा असतो हे त्यांनी आधी विचारायला हवं होतं. अर्धा गुण त्याचा गेला.

माहितीपुस्तिका फक्त इंग्रजीत आली. मराठीत एक पान मी स्वतः लिहून झापडीच्या आतल्या बाजूला चिकटवलंय: दाब उतरव, नळी गार कर, रीसेट, भर, छाप. ड्रायव्हर मामांना तेवढं पुरतं. प्रिंटरचा कागद उष्णतेवर छापणारा आहे, डॅशबोर्डवर राहिला की काळा पडतो. त्यामुळे दवाखान्याला द्यायच्या प्रतीवर आम्ही आकडे पेनानेही लिहितो. आणि थांबायला लागतं. डबा दुसऱ्या दिवशी देतो म्हणणारे मालक बाकीच्या कामाला मात्र घाई करत नाहीत. दुसरी गाडी पहिली पूर्ण चालू झाल्याशिवाय त्यांनी हातातच घेतली नाही, आणि ऐन उन्हाळ्यात, म्हणजे नायट्रोजन सगळ्यात जास्त उडतो त्या दिवसांत, आमची एकच गाडी सगळीकडे धावत होती. त्यांचं म्हणणं होतं की दोन्ही एकदम बदलल्या तर गडबड झाल्यावर ताडून बघायला जुनं काहीच उरणार नाही. कारण बरोबर आहे, तरी ज्यांच्याकडे एकच गाडी आहे त्यांनी पावसाळ्यात काम काढावं.

ऑक्सिजनवाल्यांसाठी आतेभावाच्या अनुभवातलं एक. त्याच्या द्रव ऑक्सिजनच्या लाइनीवर वर्कशॉपने टर्बाइनला हातच लावला नाही, फक्त बाहेरची कॉइल आणि इलेक्ट्रॉनिक्स बदललं. ऑक्सिजनच्या पाइपात ग्रीसचं बोट लागलं तरी पेट घेऊ शकतो. मीटर उघडायचाच झाला तर ऑक्सिजनसाठी स्वच्छ करणाऱ्यांकडेच द्यायचा, हे त्यांनी लेखी कळवलं होतं. जो मिस्त्री ऑक्सिजनची लाइन तेलकट पान्याने खोलायला निघतो, त्याला गेटवरूनच परत पाठवा. घनतेचा तक्ताही वेगळा लागतो. ऑक्सिजन उकळण्याच्या तापमानाला लिटरला ११४१ ग्रॅम भरतो, आर्गॉन १४०० च्या जवळ. टोटलायझरमध्ये वायू निवडायची यादी असते. नायट्रोजनवर ठेवून ऑक्सिजन मोजला तर किलो साफ चुकतात, लिटर मात्र बरोबरच दिसत राहतात. म्हणून निवड बदलता येणार नाही असं कुलूप लावून घ्या.

खर्च सांगायचा तर टोटलायझर, सेन्सर, केबल, प्लेट आणि जागेवर येऊन तपासणी धरून एका गाडीमागे नव्या आयात संचाच्या कोटेशनच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत बसलं. प्रिंटर वेगळा. मुद्रांकनाची फी वेगळी. जाण्यायेण्याचं डिझेल त्यांनी लावलं नाही, लातूरच्या दुसऱ्या एका कामासोबत जोडून घेतलं.

जाणार असाल तर टर्बाइनच्या पट्टीचा स्पष्ट फोटो, जुनं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, आणि जुना टोटलायझर आहे तसा, स्विचांना हात न लावता, सोबत न्या. भंगारात घालू नका. आमच्या पहिल्या गाडीचा जुना डबा अजून वर्कशॉपच्या कपाटात आहे, मालकांनी मागून ठेवून घेतला. त्याच मॉडेलचा कुणी आला, तर स्विचांची जुळणी त्यावरून ताडून बघता येते म्हणाले.